पद्माबाईचा हातगुण

पडदा वर जातो.

मखमलीचा नाही हा पडदा. निळ्या ताडपत्रीचा आहे, जागोजागी ठिगळ लावलेला, आणि तो वर जातो तो नायलॉनच्या दोरीनं आणि गंजलेल्या कप्पीनं. कप्पी कुरकुरते, ताडपत्रीवरचं दव घरंगळतं, आणि सकाळचं ऊन तिरपं होऊन आत शिरतं. वारंगा फाट्याहून कळमनुरीकडं जाताना माळावर एक लांबट पत्र्याचं शेड आहे. आपला रंगमंच तोच. जमिनीवर भाताच्या तुसाचा गादीसारखा थर. वर टांगलेले पिवळे बल्ब. त्यांच्या उजेडात नुकतीच खोक्यांतून सोडलेली एका दिवसाची पिल्लं इकडून तिकडं धावतात, वाऱ्यावर सुटलेल्या कापसासारखी. आणि या सगळ्या गलबल्याच्या मधोमध, निळ्या पिंपापाशी, पदर कमरेला घट्ट खोचून एक बाई उभी आहे. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात आहे. ती पाणी ढवळते आहे, सावकाश, डोळे मिटून, जणू आत कुणाला तरी थोपटून निजवते आहे.

ही पद्माबाई पाईकराव. दोरी ओढणारा तो तिचा नवरा, जळबा.

जळबा जवानीत वसमतच्या मोंढ्यात, तिथल्या घाऊक बाजारात, हमाल होता. हळदीची पोती पाठीवर वाहून त्याचं अंग असं पिवळं पडलं होतं, की लग्नात म्हातारे म्हणाले, "नवरदेवाला हळद लावायची गरजच न्हाई, मोंढ्यातूनच लावून आलाय!" पाठ गेली तेव्हा मोंढा सुटला आणि दोघांनी मिळून हे शेड घातलं. पहिल्या बॅचला पाणी जळबानं कालवलं. निम्मी पिल्लं आठवडाभरातच तुसावर आडवी झाली. दुसऱ्या बॅचला तो तापानं फणफणला होता म्हणून पद्माबाईनं कालवलं, आणि ती बॅच तरारून वाढली. त्या दिवसापासून पंचक्रोशीत तिच्या हाताचं नाव झालं. कुणाच्या शेडवर पिल्लांची गाडी यायची असली, की सवाष्णीला ओटी भरायला बोलवावं तसं तिला बोलावणं येई. "पद्मामावशी, पहिलं पाणी तुमच्या हातचं पायजे." ती जाई, हात घाली, चहा घेई आणि परत येई.

पण त्या पाण्यात नुसतं पाणी नसे. फाट्यावर विश्वंभरचं कोंबड्यांच्या खाद्याचं आणि औषधांचं दुकान आहे. तिथून एक पिवळी पुडी येई. पुडीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, पण सगळा मुलूख तिला 'ताकद' म्हणे. आजाऱ्याला द्यायचं औषध होतं ते, जंतू मारण्याचं. मात्र ते थोडं थोडं रोज पाजलं की पक्षी आजारी पडत नाही आणि वजनही लवकर धरतो, हे एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पहिल्या दिवसापासून विक्रीच्या दिवसापर्यंत पिंपात ताकद असे. पद्माबाई ती मुठीनं घाली आणि हातानं कालवी. काठीनं कालवलेलं पाणी पिल्लाला लागत नाही, असं ती म्हणे.

कित्येक वर्षं हे असंच चाललं. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला पद्माबाईला थंडी वाजून ताप आला. लघवीला आग, कमरेत कळा. गावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. कळमनुरीला सुया झाल्या, फरक पडला नाही. मुलगी ज्योती वसमतहून धावत आली आणि आईला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं तपासणी झाली, आणि चष्मा लावलेल्या एका शांत डॉक्टरनं जळबाला आत बोलावलं.

"काका, जंतू सापडलेत. पण नेहमीची औषधं त्यांना लागू पडत नाहीत. सरावलेत ते. मावशी काय काम करतात?"

जळबाची मान ताठ झाली. या एका प्रश्नाचं उत्तर तो कुणालाही अभिमानानं देई. "कोंबड्याचं शेड हाय साहेब आमचं. हिच्या हातचं पाणी प्यायलं की पिल्लू मरत न्हाई. सगळा फाटा सांगंल तुमाला."

"पाण्यात काय घालता?"

"ताकद."

डॉक्टरनं पुडीचा फोटो मागवला. ज्योतीनं शेजारच्या भिकाबाईला फोन करून तो मिळवला. डॉक्टर एकदा फोटोकडं बघे, एकदा हातातल्या कागदाकडं. जळबा त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिला.

"याच जातीची औषधं त्या जंतूंवर चालत नाहीत," डॉक्टर शेवटी म्हणाला.

"म्हंजी... आमच्यानंच झालं का हे?"

"ते कुणालाच सांगता यायचं नाही, काका. असे जंतू माणसाला दहा वाटांनी गाठतात. यावरून मी तुम्हाला दोष देणार नाही. पण एवढं करा. ती पुडी त्यांच्या हाताला लागू देऊ नका. आणि रोजच्या रोज ती कुणालाच देऊ नका. कोंबड्यांनासुद्धा."

दुसऱ्या, भारी औषधानं पद्माबाई वाचली. पण घरी आली ती अर्धी होऊन आली. चालताना भिंतीला हात लावू लागली. बोलताना मधेच थांबू लागली. जळबा तिच्याकडं बघे आणि त्याच्या कानांत डॉक्टरचं ते 'सांगता यायचं नाही' घुमत राही. डॉक्टर 'व्हय' म्हणाला असता तर तो रडला असता, 'न्हाई' म्हणाला असता तर तो झोपला असता. सांगता न येणारी गोष्ट माणसाला रडूही देत नाही आणि झोपूही देत नाही.

पुनवेला विहारातून परतल्यावर, अंगावरचे पांढरे कपडे न बदलता, त्यानं शेडमागं खड्डा खणला आणि घरातल्या सगळ्या पिवळ्या पुड्या त्यात पुरल्या. पद्माबाई ओट्यावर बसून बघत होती.

"काय पुरून राहिले?" तिनं विचारलं.

"ताकद. आजपासून बंद."

"अन् पिल्लं?"

"तुझ्यापेक्षा पिल्लं मोठी न्हाईत."

ती उठून आत गेली. आपल्या बोलण्यानं तिच्या काळजात काय झालं ते जळबाला त्या वेळी कळलं नाही. त्याला वाटलं, बाई समाधान पावली.

मग जळबा वसमतला गेला. तिथं नीलांबरी नावाची तरुण जनावरांची डॉक्टर होती. मंदिरातल्या पूजेअर्चेत वाढलेल्या घरातली पोरगी, पण शेडमध्ये आली की चप्पल काढून तुसात हात घालणारी. तूस मुठीत दाबून बघायची, पिल्लांची विष्ठा काडीनं उलटी करून बघायची. तिनं जळबाचं सगळं ऐकून घेतलं आणि एका पिशवीतली फिकट, भुरकट पूड त्याच्या तळहातावर ठेवली.

"काका, हे औषध नाही, हे आधी ध्यानात घ्या. कोंबडीच्या आतड्यात आपलेच चांगले जंतू असतात. अन्न पचवतात, वाईट जंतूंना जागा धरू देत नाहीत. ही पूड म्हणजे त्या चांगल्या जंतूंचं खाणं. कोंबडीला ती पचत नाही, थेट त्यांच्यापाशी जाते. काही वाईट जंतू या कणांनाच चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. याला प्रीबायोटिक म्हणतात."

"म्हंजी पाव्हण्याच्या पाव्हण्याचं जेवण."

नीलांबरी हसली. "अगदी. पण पहिल्या दिवसापासून, सगळ्या पिल्लांना, खाद्यात मिसळून. आणि ही जादू नाही हं. शेड ओलं ठेवाल, दाटी कराल, तर ही पूड काही करू शकणार नाही. पक्षी खरंच आजारी पडले तर औषध द्यावं लागेल, तेही देऊ. पण आधी मी बघेन, मगच."

घरी येऊन जळबानं पद्माबाईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याला खोकल्याची बाटली आणायला कुणी फाट्यावर जात न्हाई, अन् जंतूला जेवण आलं वसमतहून!" जळबा खूप हसला. तीही हसली, पण तिचं हसू लवकर संपलं.

कडाक्याच्या थंडीत नवी बॅच आली. पहिलं पाणी या वेळी साधंच होतं, त्यात फक्त गूळ. भुरकट पूड खाद्यात फावड्यानं मिसळली गेली. पद्माबाईला काहीच काम उरलं नाही. ती पिंपाजवळ उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. जळबानं ते बघितलं आणि त्याला वाटलं, बरं झालं, आराम मिळाला बिचारीला.

पाचव्या आठवड्यात, विक्री तोंडावर आली असताना, थंडीची लाट आली. पडदे दिवसाही खाली ठेवावे लागले. आत वाफ कोंडली, तूस दमट झालं, आणि एका सकाळी पिल्लं पिसं फुलवून, माना आखडून कोपऱ्यांत गोळा झालेली दिसली. विष्ठा पातळ. काही मेलेली. जळबानं नीलांबरीला फोन लावला. ती औंढ्याकडं एका गोठ्यावर होती. म्हणाली, "उद्या येते. तोवर तूस बदला, दुपारी थोडा वेळ पडदे उघडा. स्वतःच्या मनानं काही देऊ नका."

दुसऱ्या दिवशी तिची गाडी बिघडली. आली ती त्याच्याही पुढच्या दिवशी, तोपर्यंत पक्षी सावरले होते. चरत होते, पाणी पीत होते. तिनं सगळीकडं बघितलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाली, "तूस कोरडं केलंत त्याचा गुण. छान." जळबाच्या अंगात जणू पूर्वीचा हमाल संचारला. त्यानं त्याच दुपारी मोटारसायकल काढली आणि फाटा गाठला.

फाट्यावर रूपसिंगचं चिकनचं दुकान होतं. जाडजूड, मिशाळ, तोंडाचा फटकळ माणूस.

"रूपसिंग, सांगून ठेवतो," जळबा म्हणाला, "ही बॅच बिनताकदीची हाय. एक कण न्हाई औषधाचा. तुझ्या गिऱ्हाइकाला सांग."

"काका, तुमी सांगता म्हणल्यावर खरंच," रूपसिंग म्हणाला, आणि खडू घेऊन दारातल्या पाटीवर ठळक लिहिलं: 'जळबाकाकांच्या शेडवरची कोंबडी, औषधाविना वाढवलेली. लवकरच मिळेल.' लिहून झाल्यावर मिशीतून हसला. "पण एक सांगा काका. तुमी तर पंचशील घेतलेलं माणूस. पहिलंच शील हाय जीव मारायचा न्हाई. अन् धंदा कोंबड्याचा?"

"आता पाचांतलं एक मोडलं म्हणून बाकीची चार बी फेकून द्यावी काय रे?" जळबा म्हणाला. दुकानातली गिऱ्हाइकं खळाळून हसली.

जळबा हसतच घरी आला. पद्माबाई मोरीजवळच्या दगडापाशी उकिडवी बसली होती. तिचे दोन्ही तळवे पिवळेजर्द होते.

"हळदीत गेलतीस?" त्यानं विचारलं. दिवस हळदीचेच होते. सगळ्या शिवारात हळद उकडायच्या कढया चढल्या होत्या, ज्याच्या त्याच्या हाताला पिवळा रंग होता.

"व्हय. भिकाबाईकडं वेचू लागले जरा."

"जीव न्हाई अंगात अन् कामं करती. दाखव, पाणी घालतो." त्यानं तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर धार धरली.

पाणी पिवळं झालं. दगडावरून ओघळलं, मोरीत गेलं. आणि तळवे स्वच्छ झाले. रेषा न रेषा दिसू लागली, जशा नवजात बाळाच्या असतात तशा.

जळबाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हळद अशी जात नाही. वसमतच्या मोंढ्यात त्यानं ती अंगावर वाहिली होती. मोंढा सोडल्यावरही कितीतरी महिने त्याच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या. साबणानं नाही, राखेनं नाही, लिंबानंही नाही. हळद एकदा लागली की ती आपल्या वेळेनं जाते.

"पद्मे," तो हळूच म्हणाला, "हळद न्हाई ही."

ती हातांकडं बघत राहिली.

"कुठून आणली?"

"ज्वारीच्या कणगीत राहिलती. तुमी पुरली तवा म्या सांगितलं न्हाई."

"कवापासून देऊन राहिली?"

"पिल्लं आखडली त्या दिवसापासून. तुमी तूस आणायला जायचे तवा. एकदा सुरू केली की मधी सोडू न्हाई म्हंतात, म्हणून आज शेवटची दिली."

जळबा दगडावर बसला. त्याला रागवायचं होतं. राग शोधून सापडेना. सापडली ती भीती. त्याच हातानं, त्याच पिंपात, कोपरापर्यंत.

"अगं, डाक्टर काय म्हणला व्हता? तुला लागू देऊ नका म्हणला व्हता."

"मला काय व्हायचं ते झालं!" पद्माबाईचा आवाज फाटला. "माझ्यापायी शेड बुडालं तर? लोक काय म्हणतील, बायको आजारी पडली अन् जळबाचं दुकान उठलं. पिल्लं मरताना मी बघत बसू? माझ्या हातावर वाढली ती, आजवर."

"अन् ते जंतूचं जेवण?" जळबा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "एका हातानं पंगत वाढली आपण, अन् दुसऱ्या हातानं पंगतीतली माणसं मारली."

ती रडली नाही. उठली, आत गेली, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पाठ टेकून बसली. तो बराच वेळ मोरीपाशीच होता. बारीक पिवळी धार दगडाच्या खाचेत अजून ओली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळबा फाट्यावर गेला. दुकानात गर्दी होती. तो कुणाशी न बोलता पाटीजवळ गेला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि रूपसिंगनं लिहिलेली अक्षरं पुसून टाकली.

"अहो काका! हे काय करून राहिले?" रूपसिंग सुरा हातात घेऊनच बाहेर आला.

"ताकद दिली गेली रे बॅचला."

"कुणी दिली?"

"शेड कुणाचं हाय? माझं. मग मीच दिली."

रूपसिंगनं त्याच्याकडं नीट बघितलं. काही तरी त्याला उमगलं असावं, कारण त्यानं आवाज खाली आणला. "काका, कुणाला कळणार हाय? कोंबडी काय बोलून दाखवती का?"

"दर पुनवेला विहारात हात जोडून म्हणतो, खोटं बोलणार न्हाई म्हणून. कालच तुला म्हणलो, चार शीलं राहिलीत. त्यातलं आणखी एक आज गेलं तर हिशेब लई अवघड व्हईल माझा."

कुणी हसलं नाही. एका गिऱ्हाइकानं मात्र उगाच खाकरून पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

औषध दिलं की पक्षी लगेच विकायचे नसतात, काही दिवस थांबावं लागतं, हे नीलांबरीनं फोनवर सांगितलं. तिला जळबानं खरं सांगितलं होतं. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "म्हणजे गुण तुसाचा होता की पुडीचा, हे आता आपल्याला कधीच कळणार नाही, काका." पुन्हा तेच. सांगता न येणारी गोष्ट. जळबा थांबला. वजन भरलेले पक्षी खात राहिले, जड झाले, दुपारच्या उन्हात धापा टाकू लागले. काही बसल्या जागी गेले. बाकीचे उशिरा, पडत्या भावात गेले. शेड रिकामं झालं. त्यानं ते धुतलं, चुना मारला, पडदे गुंडाळून वर बांधले. वारा या टोकाकडून त्या टोकाकडं आरपार वाहू लागला.

नाटक संपल्यावरचा रिकामा मंच ज्यानं बघितला आहे त्याला ते शेड कसं दिसत असेल ते कळेल. जळबा रोज तिथं जाऊन बसे. नवी पिल्लं मागवायला त्याचा हात फोनकडं जात नव्हता. पुडी नसताना पिल्लं मेली तर पद्माबाई स्वतःला खाईल. पुडी दिली तर ती पुडी तिला खाईल. दोन्हीकडं तीच होती. त्याच्या मनाला तिसरी वाट दिसेना.

एका दुपारी पद्माबाई भिंतीला हात न लावता शेडपर्यंत चालत आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"पिल्लं काहून सांगत न्हाई?"

"तुझ्यासाठीच थांबलो."

"तेच तर!" ती म्हणाली. "पुडी पुरली ती माझ्यासाठी. डाक्टरीन बाईकडं गेला ते माझ्यासाठी. मला इचारलं कवा? हात कुणाचा व्हता पिंपात? माझा. मग हात काढायचा का ठिवायचा हे मला इचारायचं का न्हाई? तुमी आपलं ओट्यावर बसिवलं मला, तसबिरीवाणी."

जळबाच्या सगळ्या प्रेमाच्या मागं एवढी मोठी चूक उभी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मग आता इचारतो," तो म्हणाला.

"आता काय इचारता! माझ्यासाठी काही करू नका. माझ्यासंगं करा. बोलवा त्या पोरीला, मला समजावून सांगू द्या, तुमाला न्हाई."

नीलांबरी आली. या वेळी ती पद्माबाईपुढं तुसात मांडी घालून बसली. किती खाद्याला किती पूड, कुठल्या दिवशी विष्ठा कशी दिसायला हवी, कुठला पक्षी झोपलेला आणि कुठला आजारी. पद्माबाईनं उलटसुलट पन्नास गोष्टी विचारल्या. "जंतूला जेवण देते ते बराबर, पण त्यांनी खाल्लं का न्हाई ते मला कसं कळंल?" नीलांबरी म्हणाली, "मावशी, घरात सून जेवली का नाही हे कसं कळतं? तोंडावरून. इथं विष्ठेवरून." पद्माबाईला ते पटलं. हातात रबरी मोजा घालून, लाकडी फावडीनं ती स्वतः पूड खाद्यात मिसळू लागली. सुरुवातीला मोज्याची तिला लाज वाटे. "हात न मळवणारी पोलीस पाटलाची बायको वाटून राहिले," असं भिकाबाईला सांगे.

नवी पिल्लं आली. वाढू लागली, जरा सावकाश, पण एकसारखी. पद्माबाई पहाटे उठून तुसावरून हळूहळू फिरे, वाके, बघे, पुढं जाई. अंगात थोडी धुगधुगी आल्यासारखी दिसे. शेजारच्या शेडवरून पहिल्या पाण्याचं बोलावणं आलं तर म्हणे, "येते, पण ताकद असंल तर येत न्हाई." काही ठिकाणची बोलावणी बंद झाली. तिनं त्याचं दुःख केलं नाही, निदान दाखवलं नाही.

आणि मग चैत्र संपता संपता अवकाळी आला. संध्याकाळी पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं आणि आडव्या पावसानं शेड झोडपून काढलं. ताडपत्री फाटली, अर्ध्या शेडातलं तूस भिजलं. सकाळी जळबानं उरलेला पडदा वर ओढला. पिसं फुललेली. माना आखडलेल्या. कोपऱ्यांत ढीग. हुबेहूब तोच प्रवेश, जो त्यानं थंडीत बघितला होता.

नीलांबरीला फोन झाला. ती निघाली होती, पण वसमतहून यायला वेळ लागणार होता. जळबा शेडच्या या टोकाकडून त्या टोकाकडं गेला, परत आला. एक पक्षी त्याच्या पायाशी आडवा झाला. त्यानं तो उचलला. अजून ऊन होता. आजवर खांबासारखा उभा राहिलेला तो माणूस सरळ घरात गेला, खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली घेतली आणि अंगणात आला.

पद्माबाई दारात उभी होती.

"कुठं?"

"फाट्यावर. येतो लगेच."

"विश्वंभरकडं?"

त्यानं किल्ली मुठीत आवळली. "अगं, मरून राहिलीत ती," तो म्हणाला. "ह्या बारीला मी हातानं घालतो, तू शेडमधी येऊ बी नको. फक्त ह्या बारीला. मागल्या वक्ताला तूच दिली व्हती, अन् वाचली व्हती. तुझा हातगुण खरा व्हता पद्मे, मीच येडा."

त्या बॅचचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. नीलांबरी दुपारच्या आत आली, मेलेला पक्षी चिरून आतडं बघितलं, म्हणाली औषध लागणार नाही, ओल गेली पाहिजे. कितीतरी पक्षी गेले. पण अर्ध्याहून बरेच जास्त जगले, सावकाश वजन धरलं, आणि रूपसिंगच्या पाटीवर पुन्हा तीच अक्षरं उमटली. या वेळी ती कुणाला पुसावी लागली नाहीत. मात्र त्या सकाळी यातलं काहीच दोघांना ठाऊक नव्हतं. पक्षी मरत होते, आणि वाचतील अशी खात्री देणारं कुणी नव्हतं.

पद्माबाई पायरी उतरली. भिंतीला हात लावला नाही. जळबाच्या समोर येऊन उभी राहिली. ज्या बाईनं पिल्लांसाठी नवऱ्याचा शब्द मोडला होता, स्वतःचा जीव पुन्हा त्या पिंपात घातला होता, तिच्या मागं शेडमधून पिल्लांचा बारीक, केविलवाणा आवाज येत होता, आणि तो तिलाही ऐकू येत होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग तिनं जळबाच्या मुठीतून किल्ली काढून घेतली, एकेक बोट उलगडून, अगदी हलक्या हातानं, आणि म्हणाली,

"डाक्टरीन बाई येऊन राहिली. तवर ओलं तूस भाईर काढू. तुमी फावडं घ्या, मी घमेलं धरते."